एचडी १८९७३३ बी: तिसऱ्या प्रयत्नात खळगा मिळाला

मिळाला एकदाचा! एचडी १८९७३३ बी हा दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह. ८० मिमीच्या दुर्बिणीतून घेतलेल्या त्या ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखात अधिक्रमणाचा, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश घटल्याचा, खळगा नुसत्या डोळ्यांना दिसतोय.

तारा जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाला खेटून, प्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद) ७.७, अंतर सुमारे ६४ प्रकाशवर्षं. २००५ साली सापडलेला त्याचा ग्रह २.२२ दिवसांत एक फेरी मारतो आणि समोरून जाताना ताऱ्याचा साधारण २.४ टक्के प्रकाश अडवतो. नवशिक्याला यापेक्षा ठळक बाह्यग्रह (सूर्यमालेबाहेरचा ग्रह) शोधून सापडायचा नाही.

पहिल्या वेळी फोकस अगदी नेमका ठेवला आणि ताऱ्याचे मधले पिक्सेल भरून वाया गेले. दुसऱ्या वेळी मुद्दाम फोकस बिघडवून वीस पिक्सेलची चकती केली, एक्स्पोजर २० सेकंद. पण ऐन अधिक्रमणात ताऱ्याने याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडलं, माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार) उलटवावी लागली आणि आलेखात पायरी पडली. फ्लॅट (कॅमेऱ्यातली असमानता काढायला घेतलेले एकसारख्या प्रकाशाचे फोटो) कच्चे होते, त्यामुळे ग्रह कुठला आणि चूक कुठली, काही कळेना.

मग कागद घेऊन बसलो. ग्रहाच्या नऊ फेऱ्या म्हणजे २० दिवसांना पाऊण तास कमी, म्हणजे तेव्हा रात्रीच्या जवळपास त्याच वेळी पुन्हा अधिक्रमण. तारा मात्र २० दिवसांत ८० मिनिटं लवकर याम्योत्तरावर येतो. म्हणजे दर वेळी अधिक्रमण याम्योत्तरापासून अर्धा तास पुढे सरकतं! हे लक्षात आल्यावर वाट बघणं सोपं झालं. मधली एक संधी ढगांनी खाल्ली, पण चाळिसाव्या दिवशी माउंट आधीच उलटवून अख्खं अधिक्रमण एकाच बाजूने टिपता आलं.

खरी अडचण तुलनेच्या ताऱ्यांची, म्हणजे हवेमुळे होणारे चढउतार वजा करायला शेजारी लागणाऱ्या ताऱ्यांची. माझ्या चौकटीत याच्या तोडीचा एकही तारा नाही. ९ ते १० प्रतीचे तीन तारे घेऊन त्यांच्या प्रकाशाची बेरीज तुलनेला वापरली, तेव्हा कुठे आलेख शांत झाला. पाच-पाच मिनिटांची सरासरी काढल्यावर खळगा २.३ टक्के आला. त्याचं वर्गमूळ ०.१५, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या ०.१५ पट; ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.७८ पट धरली, तर ग्रह गुरूपेक्षा थोडा मोठा ठरतो. माझ्याच मोजमापातून! ती संख्या मी तीनदा तपासली.

खळग्याच्या तळाशी एक बारीक उंचवटा आहे. तारा डागाळलेला आहे, त्यामुळे ग्रह एखाद्या काळपट डागावरून गेला आणि तेवढा वेळ कमी प्रकाश अडला असेल असं वाटून जातं. पण माझ्या बिंदूंचा विखुरलेपणा त्या उंचवट्याएवढाच आहे, म्हणून ते सोडून दिलंय. पुढची संधी २० दिवसांनी. कॅमेरा दुर्बिणीवरून काढलेला नाही.