जाली, जाता, येता

शनिवार, ४ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. दोरीवर घातलेली चड्डी आता दुपारपर्यंत वाळते. गोव्यात मुलाचं डायपर सोडवायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. जुलैत सुरुवात केली की चौथ्या दिवशी घरातल्या सगळ्या खुर्च्यांच्या पाठींवर ओलसर चड्ड्या टांगलेल्या असतात आणि पाचव्या दिवशी सगळे गुपचूप डायपरकडे वळतात. त्यात पावसाळ्यात घाम कमी, म्हणून शू जास्त. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीही सुरू करू नये. मूळ घरात तीस माणसं, माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायची गडबड, कुणीतरी सोवळ्यात, आणि नेमक्या त्याच वाटेवर छोटंसं तळं!

वयाची घाई नको. दीड ते तीन वर्षांच्या मध्ये केव्हातरी मूल तयार होतं, काही त्याहून उशिरा. कॅलेंडरपेक्षा मुलाकडे बघावं. दोन तास कोरडं राहतं का? उकिडवं बसून उठता येतं का? चड्डी खाली ओढता येते का? ‘पाट आण आणि आजीला दे’ एवढं कळतं का? भरलेल्या डायपरची त्याला लाज किंवा किळस वाटायला लागली आहे का? यातल्या बऱ्याच गोष्टी ‘हो’ असतील तर लागावं. जूनमध्ये बालवाडी म्हणून मे महिन्यात आठवड्याभरात उरकायला निघालेली घरं सगळ्यात जास्त रडतात. मूल नाही, घरं.

रविवार, ५ ऑक्टोबर

सामान. सुती चड्ड्या बारा, त्याहून कमी नकोत. इलास्टिक सैल, मुलाच्या अंगठ्याने खाली जाईल इतकं. बटण, नाडी, बेल्ट, वन-पीस सगळं महिनाभर कपाटात. पॉटी घ्यायची तर बूड रुंद आणि खाली रबर असलेली, आतलं भांडं वर उचलून निघणारी. मुलग्यांसाठी पुढचा उंचवटा हवा, पण फार उंच नको. बसताना तो एकदा लागला की पोरगा पुन्हा त्या पॉटीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. कमोडवर ठेवायचं कडं घेतलं तर पायाखाली पाट हवाच. लोंबकळत्या पायांनी शी होत नाही, हे मोठ्यांनी स्वतः करून बघावं.

भारतीय संडास असेल तर बसण्याची ढब उत्तम, फक्त पावलं ठेवायच्या जागा मोठ्यांच्या मापाच्या असतात. मूल फाकून बसतं, तोल जातो, आणि मध्ये ते काळं भोक. सुरुवातीला न्हाणीत मोरीजवळ किंवा सरळ पॉटीवर बसवावं. भोकाची भीती खोटी नाही. डुकरांचे संडास असलेल्या जुन्या घरांतल्या आजी-आजोबांना विचारा. खालून येणारं ते हुंकारणं त्यांच्या अजून कानात असतं. आजच्या मुलाला फ्लशचा आवाज तसाच वाटतो. म्हणून भांडं मूल बाहेर गेल्यावर रिकामं करावं. त्याला स्वतः ‘टाटा’ करायचं असेल तर करू द्यावं.

धुवायच्या जेट-स्प्रेची धार आधी आपल्या हातावर बघावी. पहिल्याच दिवशी जोरात बसली की संपलं. साधा तांब्या बरा. मुलींना धुताना हात पुढून मागे, उलटा कधीच नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आजपासून दिवसा डायपर बंद. झोपेत मात्र राहू दे.

दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १२० मिली मावतं, म्हणजे छोटं फुलपात्र. जमिनीवर ते कळशीभर वाटतं. उठल्यावर, जेवणानंतर, आंघोळीआधी, बाहेर पडताना, आणि मध्ये दर दीड-दोन तासांनी बसवावं, तीन ते पाच मिनिटं. दर पंधरा मिनिटांनी ‘शू आली? शू आली?’ विचारू नये. त्याने मूल दोनच गोष्टी शिकतं: ‘ना’ म्हणायला, आणि मूत्राशय भरायच्या आधी थेंब-थेंब करायला. भरल्याची जाणीव व्हायला ते भरावंच लागतं.

बोलण्यातला क्रम बघण्यासारखा असतो. इथली बहुतेक मुलं हे घरच्या कोंकणीतच सांगतात. आधी येतं ‘जाली’, म्हणजे झाली. चड्डी ओली, पायाखाली डबकं, चेहऱ्यावर बातमी दिल्याचा आनंद. यावर ओरडायचं नसतं, कारण हीच पहिली पायरी आहे: झालेलं त्याला कळलं. काही दिवसांनी ‘जाता’ (होतेय), म्हणजे धार चालू असताना जागीच थिजून सांगणं. तेव्हा उचलून धावू नये, धार घरभर होते. ‘थांब, आपण पॉटीवर पुरी करू’ म्हणून हाताला धरून न्यावं. शेवटी ‘येता’, म्हणजे येतेय. भूतकाळ, वर्तमान, भविष्य. व्याकरण उलटं नाही, शरीरच त्या क्रमाने शिकतं. ‘येता’ आणि ‘जाली’ यांत सुरुवातीला जेमतेम अर्धं मिनिट असतं, म्हणून पॉटी मूल खेळतं त्या खोलीत ठेवावी, संडासात नाही.

मुलग्यांना आधी बसूनच शिकवावं. उभ्याने करायला आधी शिकला तर शीसाठी बसवणं ही नवी लढाई होते.

शेणाने सारवलेल्या जमिनी होत्या तेव्हा हे सगळं जमीनच पिऊन टाकायची. आताची गुळगुळीत फरशी एक थेंबही लपवत नाही आणि वर घसरवते. पुसायचं कापड प्रत्येक खोलीच्या दाराला टांगलेलं असावं. आधी कोरड्याने टिपायचं, मग ओल्याने पुसायचं. ब्लीच ताज्या शूवर ओतू नये, अमोनियाशी मिळून घशाला झोंबणारा वायू होतो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

शूचं काय, आज ना उद्या जमतं. खरा अध्याय शीचा. घराघरांत गाडी अडते ती इथे, आणि दोष पॉटीला दिला जातो.

होतं असं. एकदा शी कडक होते, दुखते. मूल ठरवतं, पुन्हा नाही. मग ते दाराआड जाऊन उभं राहतं, पाय आवळतं, टाचा उचलतं, सोफ्याची कड घट्ट धरतं, लालबुंद होतं. घरची माणसं खूश: ‘बघ, जोर लावतोय!’ तो जोर लावत नसतो, धरून ठेवत असतो. धरलेल्या शीतलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखते. असं बरेच दिवस चाललं की गुदाशय ताणला जातो आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डीला डाग पडतात. घरात निदान होतं जुलाब. जायफळ उगाळलं जातं, म्हणजे अडलेल्या दाराला आणखी एक कडी. डाग रोज दिसत असतील आणि मोठी शी चार-चार दिवस नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं. शी मऊ ठेवायचं औषध काही आठवडे, कधी महिनेही चालतं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद केलं की पहिले पाढे पंचावन्न.

तोवर शिकवणं थांबवावं. रोज मऊ शी होऊ लागली की मग पुन्हा.

खाण्यात पहिला संशयित दूध. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणारं मूल जेवत नाही, आणि जेवत नाही म्हणून त्याला आणखी दूध मिळतं. पेज चांगली, पाणी पोटात जातं. पण नुसत्या पेजेत चोथा फारसा नसतो, सोबत तांबडी भाजी (लाल माठ) हवी. पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका, नाचणीचं तिझन (गोड पेज) हे सगळं घरात असतंच. पाणी मात्र बाटलीने पाठलाग करून नाही, छोट्या पेल्यातून दिवसभर.

वेळ दुपारच्या जेवणानंतरची. पोटात अन्न पडलं की आतडी हलू लागतात, म्हणून २०-३० मिनिटांनी बसवावं. पाय पाटावर टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर, अंग पुढे झुकलेलं. या बैठकीत गुदमार्गाचा वाक सरळ होतो. ‘जोर लाव’ म्हणण्याऐवजी साबणाचे फुगे फुंकायला द्यावेत. फुंकताना पोट आपोआप दाबलं जातं आणि खालचे स्नायू सैल सोडायला मदत होते. शिट्टीही चालते, शेजाऱ्यांची हरकत नसेल तर.

काही मुलं शू पॉटीत करतात पण शीसाठी डायपर मागून घेतात आणि पडद्याआड उभी राहतात. भांडू नये. आधी डायपर बांधूनच न्हाणीत उभं राहू द्यावं. मग डायपरसह पॉटीवर बसवावं. मग डायपरला खाली भोक पाडून. हसू येतं, पण युक्ती चालते.

शीची चड्डी आधी थंड पाण्याने कमोडवरच खंगाळावी, मग साबण. गरम पाण्याने डाग कापडात घट्ट बसतो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पहिल्या आठवड्यात मुलाला नेऊ नये हे खरं, पण नेणारच. पिशवीत दोन चड्ड्या, एक पँट, जुना टॉवेल, पाण्याची बाटली, प्लास्टिकच्या दोन पिशव्या, आणि जादा चप्पल. चप्पल सगळे विसरतात. शू शेवटी तिथेच उतरते. निघायच्या आधी एकदा, पोचल्यावर जागा शोधून एकदा. रायबंदर-चोडणसारख्या फेरीबोटीवर रांग असेल तर चढण्याआधी, पलीकडे पोचल्यावर नाही. बाहेर असताना डायपर घातलं तर आभाळ कोसळत नाही, पण घरात चड्डी आणि बाहेर डायपर हा नियम झाला की मूल बाहेरची वाट बघत धरून ठेवायला लागतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

गादी. डायपर रात्री ठेवलं तरी बाजूने गळतंच. अंथरूण दोन थरांत घालावं: रबरशीट, चादर, त्यावर पुन्हा रबरशीट, चादर. मध्यरात्री वरचा थर ओढून काढायचा, खालचा तयार. दिवा लावून कपाट धुंडाळावं लागत नाही.

गादीपर्यंत पोचलंच तर जुन्या पंचाने दाबून टिपावं, चोळू नये. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, वाळत आल्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर, सकाळी झटकून उन्हात. घरचं माडाचं व्हिनेगर वापरू नये. शूचा वास जाईल, पण गादीला महिनाभर सोरपोतेलचा, म्हणजे व्हिनेगरमधल्या डुकराच्या मटणाचा, येईल.

सोमवार, २० ऑक्टोबर

दिवाळीच्या नरकासुराचा पुतळा पहाटे जळला, घरात कोणी झोपलेलं नाही. अशा रात्रीनंतर पंधरा दिवस कोरडं राहिलेलं मूल सकाळी तीनदा भिजतं. जागरण, फटाके, पाहुणे, आणि ताकातले, रोसातले (नारळाच्या रसातले), दुधातले असे तीन तऱ्हेचे फोव, म्हणजे पोहे. हे मागे जाणं नव्हे. सर्दी-ताप, प्रवास, घरात नवं बाळ यांतही होतं. चिडवणं आणि चारचौघांत ‘एवढा मोठा झाला’ म्हणणं टाळावं. दोन-तीन दिवस पुन्हा वेळेवर बसवलं की बहुधा रुळावर येतं. मात्र शू करताना रडत असेल, ताप असेल, किंवा अचानक दर दहा मिनिटांनी लागत असेल तर ती दिवाळी नाही, लघवी तपासून घ्यावी.

रात्रीचं वेगळंच. झोपेत शू कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक वाढावं लागतं आणि भरलेल्या मूत्राशयाने जाग यावी लागते. हे शिकवून येत नाही. पाच वर्षांपर्यंत रात्री भिजणं साधी गोष्ट आहे. संध्याकाळी पाणी तोडू नये, झोपण्याआधी एकदा बसवावं. सकाळचं डायपर सलग दोन आठवडे कोरडं निघालं की रात्रीचंही सोडायचं. तोवर वरचा थर, खालचा थर.