एका बटणात गेलेला दिवस

आज अख्खा दिवस एका बटणात गेला. देवगडच्या एका आंबेवाल्या काकांची साइट मी सांभाळते, गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटचा रिपोर्ट दाखवणारं टूल) आयएनपी, म्हणजे काही दाबल्यावर पेज किती लवकर रिस्पॉन्स देतं त्याचं माप, लाल दिसत होतं म्हणून सकाळीच बसले. १२ मार्च २०२४ ला गुगलने एफआयडी या जुन्या मापाच्या जागी हे आणलं, आधी फक्त पहिल्या क्लिकचा उशीर मोजायचे, आता पेजवरचे सगळे क्लिक, टॅप, टायपिंग धरतात आणि २०० मिलिसेकंदांच्या आत रिस्पॉन्स आला तरच हिरवं. माझ्या फोनवर साइट मस्त पळत होती. मग आईचा जुना फोन घेतला, 'पेटी बुक करा' दाबलं, बटण ढिम्म, परत दाबलं तर कार्टमध्ये दोन पेट्या!! चॅटचं विजेट आणि तीन जुन्या ट्रॅकिंग स्क्रिप्ट (साइटवर कोण काय करतं ते टिपणारे कोडचे तुकडे), कोणी कधी टाकल्या देव जाणे, त्याच अडवत होत्या. काढून टाकल्या. रिपोर्ट मागच्या २८ दिवसांचा असतो त्यामुळे रंग बदलायला वेळ लागेल. पण बरं वाटलं खूप, कारण सकाळी चहासोबत गुगलचा सर्च सेंट्रल ब्लॉग वाचायची सवय नसती तर मी अजून कीवर्डच (लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द) बदलत बसले असते. संध्याकाळी काकांचा फोन, "एका दाबात होता गो आता!"