रॅक घेताना दार लावून बघा

फायबरची केबल जिथं येऊन जोडली जाते ती पेटी म्हणजे रॅक. ती घ्यायची म्हणून गुत्तेदाराचा नाहीतर केबलवाल्याचा फोन आला की प्रश्न ठरलेला असतो: "भैया, सहा यू घेऊ का नऊ यू?" उंचीचं गणित सोपं आहे. यू हे रॅकच्या उंचीचं माप, एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, पावणेदोन इंच. चोवीस पोर्टचं एलआययू (बाहेरून आलेली फायबर जोडायचा डबा) एका यूत बसतं, स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेकांत वाटणारा) एक यू, मधे केबल मॅनेजरची पट्टी आणि पुढच्या वाढीसाठी दोन यू मोकळे. रुंदी सगळीकडं १९ इंचच. म्हणून मी उलटा प्रश्न टाकतो: दार लावल्यावर काच आणि पुढची पट्टी (जिच्यावर ही साधनं स्क्रूनं बसतात ती) यांच्यात किती बोटं जातात?

हे दुकानात कुणी मोजत नाही. एससी कनेक्टर (फायबरच्या टोकाचा चौकोनी प्लग) त्याच्या रबरी शेपटासकट दोनेक इंच पुढं येतो. तिथून पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर वायर) वळायला जागा पाहिजे, फार मुडपली की प्रकाश गळतो. साध्या जी.६५२डी जातीच्या फायबरला मी ३० मिलिमीटरच्या त्रिज्येचं वळण धरतो. जास्त वळण सोसणारं जी.६५७ए१ दहा मिलिमीटरपर्यंत आणि ए२ साडेसातपर्यंत चालतं. पॅचकॉर्डवर छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा. तरी मी चार बोटं मोकळी मागतोच, कारण उद्या बदलीची पॅचकॉर्ड कुठली येईल ते आपल्या हातात नसतं. स्वस्तातल्या भिंतीवरच्या रॅकमध्ये पट्टी काचेला चिकटून असते. पट्टी मागं सरकवता येत असेल तरच तो रॅक घ्या.

लातूरला एका अभ्यासिकेत मला बोलावलं होतं. नीटची तयारी करणारी पोरं, रात्री अकरानंतर नेट बंद, सकाळी चालू. दिवसा कुणीही येऊन बघितलं तरी सगळं ठीक. मी वरच्या मजल्यावर ओएनटीच्या (गिऱ्हाइकाकडच्या फायबर मोडेमच्या) पानावर प्रकाशाचं रीडिंग उघडून बसलो आणि खाली वॉचमनकाकांना रॅकचं दार उघडायला-लावायला सांगितलं. दार उघडं असताना उणे १९ डीबीएम (उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). लावलं की उणे २८, लाल दिवा. उघडलं, परत उणे १९. रात्री कुलूप लावायची काकांची शिस्त होती, आणि दिवसा तपासायला आलेला प्रत्येक माणूस आधी दारच उघडत होता. काच पॅचकॉर्डच्या मानेवर दाबून बसायची. पट्टी दोन इंच मागं घेतली, पॅचकॉर्ड बाजूच्या रिंगांतून खाली उतरवली आणि त्या रात्री काकांनी निर्धास्त कुलूप लावलं. परीक्षेच्या तोंडावर त्या पोरांची किती रात्रींची टेस्ट सिरीज बुडाली असेल, या विचारानं मला आजही चीड येते.

वळणाचा दोष ओळखायची एक खूण आहे. १३१० आणि १५५० नॅनोमीटर या प्रकाशाच्या दोन तरंगलांब्या, दोन्हीवर लाइन तपासा. १५५० वर तूट फार जास्त आणि १३१० वर थोडी असेल तर कुठंतरी फायबर मुडपलेलं आहे. दोन्हीकडं सारखीच तूट असेल तर कनेक्टर घाण असेल किंवा जॉइंट कच्चा. ज्या केबलवाल्यांचा टीव्ही आणि नेट एकाच फायबरवर आहे त्यांना मशीनशिवायही कळतं. टीव्ही १५५० वर चालतो, त्यामुळं वळणाचा मार त्याला आधी बसतो. गिऱ्हाइकाचं चित्र खराब आणि नेट धडधाकट, असं असेल तर मी आधी रॅकपाशी जातो.

आता धूळ. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वावटळी, आणि जिनिंगच्या आसपास कापसाचं तूस. रॅकला दोन पंखे आहेत म्हणून दुकानदार खुशीत सांगतो. एलआययू आणि स्प्लिटरला वीजच लागत नाही, ते गरम होतील कशाला? तिथं पंखा फक्त धूळ ओढतो. सिंगल मोड फायबरची प्रकाशवाट नऊ मायक्रॉनच्या आसपास, एक कण तोंडावर बसला की झालं. माझं मत पक्कं आहे: पैसे असतील तर दोन पेट्या घ्या. फायबरची बंद, रबरी गॅस्केटची. ओएलटी (केबलवाल्याकडचं, फायबरवर नेट सोडणारं यंत्र), स्विचची जाळीची, पंख्याची. इन्व्हर्टरची बॅटरी दोन्हींपासून लांब, तिच्या वाफेनं पत्रा आणि स्क्रू खातात.

भिंत बघितल्याशिवाय भिंतीवरचा रॅक घेऊ नका. गावात अजून माळवदाची घरं आहेत. दगड-मातीची दोन फूट जाड भिंत बघून वाटतं काहीही पेलेल, पण मातीत अँकर पकडत नाही. भरलेली पेटी हळूहळू पुढं झुकते आणि ताण केबलवर येतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंतींखाली आपली माणसं गेली. अशा घरात मी जमिनीवर उभा राहणारा रॅकच घ्यायला लावतो, खाली सिमेंटचा ओटा करून त्यात बोल्ट.

केबल आत येते ते भोक ग्लँडनं (केबलभोवती आवळणाऱ्या बुचानं) बंद करा, नुसत्या ब्रशला उंदीर जुमानत नाही. लोखंडी चिलखताची केबल असेल तर चिलखत पेटीत शिरतानाच अर्थिंगला जोडा. वळवाच्या विजांचा आपला मुलूख आहे, यात काटकसर नको. आतली ताकदीची तार क्लॅम्पमध्ये घट्ट आवळा, म्हणजे बाहेर कुणी केबल ओढली तरी ट्रेमधल्या जॉइंटला झटका बसत नाही. ट्रेमध्ये फायबरचे दोन वेढे शिल्लक असू द्या. उद्या जॉइंट परत मारायचा तर लांबी लागते.

आणि दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद, त्यावर फायबरचे रंग. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी, या क्रमानं, आणि प्रत्येकापुढं तो कुठं जातो ते मराठीत: मारुती मंदिर गल्ली, झेडपी शाळा, बसस्टँडमागची लाइन. रात्री लाइट गेलेली असताना मोबाइलच्या उजेडात लाइनवरचं पोरगं तेच वाचणार आहे, तेव्हा अक्षर मोठं काढा.