गीतप्रिय सूची, चौथी नोंद : नाव, तबकडी आणि मात्रा

या फेरीत कन्नड गीतकार-दिग्दर्शक गीतप्रिय यांच्या गाण्यांच्या सूचीतला सगळ्यात जुना दोष काढला. ‘चित्रपट गीतप्रिय यांचा’ आणि ‘गाणं गीतप्रिय यांचं’ या दोन गोष्टी आतापर्यंत एकाच रकान्यात होत्या. आता दिग्दर्शक आणि गीतकार असे दोन रकाने केलेत, आणि गीतकाराचा रकाना पुराव्याशिवाय भरायचा नाही असं ठरलंय. रिकामा राहिला तर राहू द्या. चुकीचं नाव एकदा शिरलं की पुढची दहा माणसं तेच उतरवून घेतात.

नव्यांसाठी थोडक्यात. गीतप्रिय म्हणजे लक्ष्मणराव मोहिते (१९३१–२०१६). आडनाव आपल्या ओळखीचं, कारकीर्द कन्नडमधली. सुरुवात गीतकार म्हणून, १९५५च्या ‘श्रीराम पूजा’पासून, संगीतकार विजयभास्कर यांचीही सुरुवात तिथलीच. दिग्दर्शनाचं पहिलं काम ‘मण्णिन मग’ (१९६८). राजकुमार आणि कल्पना यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘बॆसुगॆ’ (१९७६; ॆ ही खूण कन्नडमधल्या ऱ्हस्व ए-ची, ॊ ऱ्हस्व ओ-ची), ‘हॊंबिसिलु’ (१९७८), ‘पुटाणि एजंट १२३’ (१९७९), ‘मौनगीतॆ’ (१९८५). तेरा वर्षं आधी गाणी लिहिली आणि मग कॅमेऱ्यामागे उभे राहिले, हा क्रम सूची करताना विसरायचा नाही. १९६८पूर्वीची त्यांची गाणी दुसऱ्यांच्या चित्रपटांत आहेत. दिग्दर्शकाच्या नावाने शोधलं तर त्यातलं एकही हाती लागणार नाही.

नावाचं लेखन. कन्नडमध्ये गी-त-प्रि-य, शेवटचा ‘य’ ऱ्हस्व पण पूर्ण उच्चारलेला. रोमन लिपीत तो उच्चार दाखवायला शेवटी ‘ए’ (a) हे अक्षर येतं, आणि आपल्याकडे त्याचं ‘गीताप्रिया’ होतं. मग ती बाई समजून नोंद वेगळी पडते. दुसरी अडचण ‘त’ची : दक्षिणेत ‘त’ रोमनमध्ये टी-एच असा लिहितात, आपण नुसता टी लिहितो. शोध दोन्ही प्रकारांनी घ्या, आणि तिसरा कन्नड लिपीत. कन्नड छपाईत ‘प्रि’मधला र अक्षराखाली बारीक जोडलेला असतो, शाई पसरली की तो दिसत नाही आणि ‘पि’ वाचलं जातं. भिंगाखाली बघितल्याशिवाय ‘नाव वेगळं आहे’ असा शेरा मारू नका.

पुराव्याचा क्रम असा ठेवलाय : आधी चित्रपटाची श्रेयनामावली, मग त्या वेळी छापलेली गाण्यांची चोपडी, मग तबकडीवरचं लेबल, मग कॅसेटचं कव्हर. ऑनलाइन गाण्यांच्या सेवांवरची नावं फक्त शोधाला उपयोगी, पुरावा म्हणून नाहीत. कारण सरळ आहे : तिथे बऱ्याचदा अख्ख्या अल्बमला एकच गीतकार चिकटवलेला असतो. ‘बॆसुगॆ’ हे त्याचं चांगलं उदाहरण. दिग्दर्शन गीतप्रिय यांचं, संगीत विजयभास्कर यांचं. पण त्यातलं सगळ्यांना पाठ असलेलं ‘याव हूवु यार मुडिगो’ हे श्यामसुंदर कुलकर्णी यांचं. (बॆसुगॆ म्हणजे धातूचा सांधा, आपल्याकडचा डाख.) श्रेयनामावलीत एकाहून अधिक गीतकार दिसले की गाणं-दर-गाणं फोड चोपडीतून किंवा लेबलवरूनच करावी लागते.

तबकड्यांकडे वळू. पन्नाशीच्या दशकातली गाणी लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर. नंतरची बहुतेक सात इंची, ४५ फेऱ्यांच्या विनाइलच्या तबकड्यांवर, म्हणजे ईपीवर. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कधीच लावायचं नाही, पृष्ठभाग विरघळतो. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने; लगेच पुसून उभी वाळवा. विनाइलला पाण्यात पाचव्या हिश्श्यापर्यंत आयसोप्रोपिल चालतं. दोन्हीकडे लेबल कोरडंच ठेवा. आपल्याला हवी असलेली माहिती नेमकी त्या कागदावर असते, म्हणून धुण्याआधी त्याचा फोटो काढा आणि शेवटच्या खाचेनंतरच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेला क्रमांकही टिपा. लेबल चुकीचं चिकटलेलं असू शकतं. तो क्रमांक तबकडीच्या अंगावरच असतो.

सुई : ७८ साठी सुमारे ७६ मायक्रॉनची, ईपीसाठी सुमारे १८ मायक्रॉनची. ईपीची बारीक सुई ७८ वर टेकवली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते, आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. मोनो तबकडी स्टिरिओ कार्ट्रिजवर (सुई बसवलेला भाग) वाजवून दोन्ही चॅनेल एकत्र करा. खाचेतल्या खालीवर हालचालीमुळे येणारा बराच आवाज एकमेकांना खोडतो. रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते.

वेग तपासल्याशिवाय स्वराबद्दल काही लिहू नका. वेग सहा टक्के चुकला की अख्खा अर्धा स्वर सरकतो, आणि सैल बेल्ट एवढं सहज करतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर स्ट्रोब तबकडीला (वेग बरोबर असला की दिव्याखाली जिच्या रेघा स्थिर दिसतात ती चकती) ४५ साठी १३३ रेघा आणि ७८ साठी ७७ रेघा लागतात. दिवा निऑनचा किंवा जुन्या चोकची ट्यूबलाइट. एलईडीखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत आणि बेल्ट बिचारा नाहक बदलला जातो.

आता या फेरीतला सगळ्यात आनंदाचा भाग. ‘हॊंबिसिलु’मधलं ‘नीर बिट्टु नॆलद मेलॆ दोणि सागदु’ हे गीतप्रिय यांचं गाणं मात्रा मोजून सूचीत घेतलं. संगीत राजन-नागेंद्र यांचं. आधीच्या टिपणात ‘मात्रा जुळत नाहीत’ असा शेरा होता. चूक कवीची नव्हती, आपल्या देवनागरीची होती. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत. आपण सगळे दीर्घ धरतो. शिवाय मराठी जीभ ‘नीर’चा शेवटचा अ गिळते. नीट मोजा : नीर ३, बिट्टु ३, नॆलद ३ (तिन्ही लघु), मेलॆ ३ (मे दीर्घ, लॆ ऱ्हस्व), दोणि ३, साग ३, आणि उरलेला ‘दु’ विश्रांतीसह सातवा गट पुरा करतो. तीन-तीन मात्रांचे सात गट. कन्नड छंदशास्त्रात याला उत्साह लय म्हणतात. आपल्या पद्धतीने ‘नेलद’ वाचलं तर तिथे चार मात्रा होतात आणि ओळ अडखळते.

ओळीचा अर्थही त्या चालण्याला धरून आहे : पाणी सोडून जमिनीवर नाव चालायची नाही. पुढच्या ओळीत हेच उलटं, जमीन सोडून पाण्यावर गाडी जायची नाही. पाणी-जमीन, जमीन-पाणी अशी अदलाबदल, शब्द सगळे रोजच्या बोलण्यातले, आणि ओळींच्या शेवटी ‘सागदु’ला जोड ‘होगदु’ची. इतक्या साध्या सामानातून इतकी पक्की ओळ बांधणं फार थोड्यांना जमलंय.

तेव्हा यापुढे सूचीत सगळीकडे ऱ्हस्व ए-ओसाठी नॆ, हॊ ही चिन्हंच वापरायची. जुन्या नोंदी त्याप्रमाणे बदलायचं काम ‘मण्णिन मग’पर्यंत आलंय. ‘श्रीराम पूजा’च्या ७८ तबकड्या कुणाकडे असतील तर आधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो पाठवा, तिरप्या उजेडात काढलेले, वाजवण्याची घाई नको.