विकास आराखड्यावर हरकत घेताना: माझा अनुभव

प्रारूप विकास आराखडा (शहरातली कुठली जमीन पुढे कशासाठी वापरायची याचा मसुदा) जाहीर झाला की दोन दिवसांत नकाशाचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. कुणाच्या घरावरून रस्ता गेलेला दिसतो, कुणाच्या शेतावर उद्यान पडलेलं असतं, कुठे वर्षानुवर्षं पोरं खेळतात ते मैदान पिवळ्या, म्हणजे निवासी रंगात गेलेलं असतं. सगळे चिडतात, सह्यांची मोहीम निघते. त्यातलं फार थोडं आराखड्यात उतरतं. गेली काही वर्षं मी लोकांना हरकती लिहून देतो, त्यांच्यासोबत सुनावणीला बसतो. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की हरकत मान्य होणं आवाजापेक्षा मांडणीवर जास्त अवलंबून असतं. हरकती ऐकणाऱ्या समितीला आपला मुद्दा तिच्याच नकाशात आणि तक्त्यात बसवता आला पाहिजे.

कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. याच्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. हरकत कोणीही घेऊ शकतो, त्यासाठी जमीनमालक असावं लागत नाही. हा मुद्दा मी प्रत्येक बैठकीत पुन्हा सांगतो, कारण भाडेकरू, फेरीवाले, शाळेचे पालक असे ज्यांचा सातबारा नाही ते स्वतःहूनच मागे राहतात. कलम ३८ प्रमाणे आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायचा असतो. म्हणजे आत्ता हुकलेलं मैदान पुढच्या पिढीपर्यंत हुकलेलंच राहतं.

सर्वात आधी नोटीस मिळवावी आणि तीही पूर्ण वाचावी. वर्तमानपत्रातली बातमी पुरत नाही. मुदत राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजली जाते आणि ती ३० दिवस आहे की ६०, हे नोटिशीतच लिहिलेलं असतं. शेवटच्या दिवशी आवक खिडकीवर रांग लागते, ई-मेलची पेटी भरते, पोर्टल अडकतं. म्हणून निम्म्या मुदतीत मूळ हरकत देऊन टाकायची आणि उरलेल्या दिवसांत पुरवणी द्यायची, ही माझी पद्धत. कागद मिळवायला माहिती अधिकारावर विसंबू नये. तिथे उत्तराचीच मुदत ३० दिवसांची, आपल्याकडे अर्जाला १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा. माहिती हातात येईतो खिडकी बंद झालेली असते. नकाशे आणि अहवाल लोकांना पाहण्यासाठी कार्यालयात ठेवणं बंधनकारक आहे. तिथे जाऊन पाहावं, प्रती मागाव्या, आणि नकार मिळाला तर त्याच दिवशी लेखी पत्र देऊन आवक क्रमांक घ्यावा.

नकाशा वाचताना माप फसवतं. १:५००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५ मीटर. १८ मीटरचा रस्ता तिथे जेमतेम साडेतीन मिलिमीटर दिसतो आणि अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ अडीच मीटर जमीन झाकते. त्यामुळे रस्ता भिंतीला लागतोय की अंगणातून जातोय, हे मोबाइलवरच्या फोटोवरून कळणं शक्य नाही. पीडीएफ घरी छापताना छपाईचा पर्याय ‘पानात बसवा’वर असेल तर सगळं प्रमाणच बिघडतं. छापल्यावर आधी नकाशातली मोजपट्टी फूटपट्टीने तपासायची, मगच पुढचं मोजायचं. आपल्या गटाची, म्हणजे जमिनीच्या तुकड्याची हद्द भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशावरून घ्यायची आणि जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून अंतरं काढायची. विहीर, पुलाचा कोपरा, जुना चौक अशा खुणा दोन्ही नकाशांवर सापडतात.

बहुतेक लोक प्रस्तावित नकाशा पाहून थांबतात. मी त्याआधीचा, म्हणजे विद्यमान भूवापर नकाशा (आज कुठली जमीन कशासाठी वापरात आहे ते दाखवणारा) उघडतो. आराखडा उभा राहतो तो या नकाशावर, आणि चूक इथे झाली असेल तर पुढे ती आपोआप वारशाने येते. उघडा नाला नकाशात नसला की त्यावर निवासी विभाग पडतो. चालू शाळा ‘मोकळी जागा’ म्हणून नोंदली गेली की तिच्यावर दवाखान्याचं आरक्षण येऊ शकतं, म्हणजे ती जमीन दवाखान्यासाठी राखून ठेवली जाऊ शकते. मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, वॉर्डावॉर्डांतून चुका दाखवल्या गेल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो बाजूला ठेवून दुरुस्तीचा आदेश द्यावा लागला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये झाली. भूवापराची चूक दाखवणं सोपंही असतं: तारखेचा फोटो, प्रवेशद्वारावरचा फलक, मालमत्ता कराची पावती, झालं. यात मतभेदाला जागा नसते, म्हणून असल्या हरकती बहुधा मान्य होतात.

नदीकाठी राहणाऱ्यांनी पूररेषा जरूर पाहावी. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभाग ठरवतो. आराखड्यातली रेषा आणि विभागाच्या नकाशातली रेषा जुळत नसेल, तर फक्त दोन्ही उतारे शेजारी जोडायचे. वेगळा युक्तिवाद लागत नाही.

आता अहवाल. नकाशासोबत जाडजूड अहवाल असतो आणि तो कुणी वाचत नाही, ही खरी अडचण आहे. त्यात शहराचे नियोजन विभाग पाडलेले असतात. प्रत्येक विभागाची आजची आणि पुढची अपेक्षित लोकसंख्या, मानकानुसार लागणारं क्षेत्र आणि प्रत्यक्ष दिलेलं क्षेत्र यांचा तक्ता असतो. समजा एका विभागाची अपेक्षित लोकसंख्या ४० हजार आहे आणि अहवालाने स्वतःच मैदान-उद्यानांसाठी दर हजारी ०.४ हेक्टर धरलंय. म्हणजे १६ हेक्टर हवेत. तक्त्यात ११ दाखवलेत. आता या ११ हेक्टरांमागचे आरक्षण क्रमांक एकेक करून नकाशावर शोधायचे. अनेकदा सापडतं की त्यातले दोन-तीन हेक्टर म्हणजे मंजूर रेखांकनांमधल्या (लेआउटमधल्या) खुल्या जागा आहेत. या जागा त्या-त्या भूखंडधारकांच्या असतात, इतरांना तिथे फाटकातूनच परत पाठवतात. त्या सार्वजनिक उद्यानांत धरल्या की तूट कागदावर कमी दिसते. तीन हेक्टर वजा केले तर उरतात आठ, म्हणजे गरजेच्या निम्मे. ‘आमच्या भागात मैदान कमी आहे’ या वाक्यापेक्षा ‘तक्ता अमुक, विभाग अमुक, गरज १६, तरतूद प्रत्यक्षात ८’ हे वाक्य समितीला टाळता येत नाही. मला या सगळ्या कामात हा तक्ता सर्वात मोलाचा वाटतो. सरकारने स्वतः मान्य केलेल्या मोजपट्टीने सरकारचंच काम मोजता येतं, अशी संधी धोरणाच्या इतर टप्प्यांवर क्वचित मिळते.

हरकतीचा कागद दोन पानांपुढे नेऊ नये. पहिल्या ओळीत विभाग, नकाशाचा शीट क्रमांक, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आरक्षण क्रमांक. मग एका वाक्यात मागणी. मग कारणं. मग पर्याय. शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे स्पष्ट शब्दांत. एका कागदावर एकच विषय ठेवावा. रस्ता, शाळा आणि नाला एकाच पत्रात घातले की छाननीत त्या पत्राला एकच शेरा पडतो, आणि बहुतेक वेळा तो सर्वात कमकुवत मुद्द्यावरचा असतो. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, आराखड्याचा तेवढाच भाग रंगीत छापून त्यावर लाल पेनाने खूण. प्रत्येक पानावर सही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सुनावणीच्या यादीतून नाव गळलं तर तो क्रमांकच कामी येतो.

‘रद्द करा’ एवढीच मागणी टिकत नाही, विशेषतः रस्त्याबाबत. रस्ता दोन टोकं जोडतो. मधला तुकडा काढला तर पूर्ण मार्ग तुटतो, आणि नगररचना खात्याचा माणूस पहिल्याच मिनिटाला हे विचारतो. म्हणून रेषा सरकवण्याचा प्रस्ताव द्यायचा: कुठल्या चौकातून निघेल, कुठे जोडली जाईल, वळण किती, आणि दोन्ही मार्गांत मंजूर इमारती किती बाधित होतात. इमारतींपुढे बांधकाम परवाना किंवा भोगवटा प्रमाणपत्राचा क्रमांक लिहायचा. परवानगी नसलेली बांधकामं मोजणीत घुसवली तर सगळ्या आकड्यांवरचाच विश्वास जातो. आरक्षणाचंही तसंच. पर्यायी जागा सुचवताना ती शक्यतो सरकारी किंवा पडीक असावी आणि क्षेत्र तेवढंच असावं. शेजाऱ्याच्या जमिनीकडे बोट दाखवलं की तोही हरकत घेतो आणि समिती दोघांनाही बाजूला ठेवते.

छापील नमुन्यावर हजारो सह्या घेण्याबद्दल. दबाव म्हणून त्याचा उपयोग आहे, पण एकसारख्या मजकुराच्या हरकती एकत्र बांधून त्यांवर एकच निर्णय होतो. हजार सह्यांची शक्ती असेल तर तीस जणांनी आपापल्या नोंदींसह तीस वेगळ्या हरकती द्याव्यात आणि बाकीच्यांनी पाठिंब्याची सही करावी. वेळ तेवढाच लागतो.

सुनावणी कलम २८ खालची नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. प्रत्येकाला मोजकी मिनिटं मिळतात. तेवढ्यात इतिहास सांगू नये. टेबलावर मोठा नकाशा असतो. आपला गट बोटाने दाखवावा, मागणी सांगावी, पर्यायाची रेघ दाखवावी आणि लेखी टिपण हातात द्यावं. सदस्यांनी प्रश्न विचारला तर समजायचं की मुद्दा पोचलाय, त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. सगळ्यांनी एकत्र जाऊन ओरडण्याने पुढच्या माणसाची मिनिटं जातात, आणि तो कधीकधी दूरच्या वाडीवरून मजुरी बुडवून आलेला असतो.

यानंतरचा टप्पा लोकांच्या नजरेतून निसटतो. समितीच्या अहवालावर नियोजन प्राधिकरण (आराखडा करणारी महापालिकेसारखी संस्था) बदल करतं, आणि बदललेला आराखडा कलम २८(४) खाली फक्त माहितीसाठी प्रसिद्ध होतो. पुन्हा हरकतींची खिडकी इथे उघडत नाही. नको असलेले बदल शिरतात ते याच वेळी. मूळ प्रारूप आणि बदलांची यादी शेजारी ठेवून प्रत्येक आरक्षण क्रमांक ताडावा, आणि काही खटकलं तर नगर विकास विभाग व नगररचना संचालक या दोघांना तातडीने लिहावं. कारण कलम ३० खाली आराखडा शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजुरी देण्याआधी शासन संचालकांशी सल्लामसलत करतं. मुदती पाळल्या नाहीत तर काम प्राधिकरणाच्या हातून जाऊही शकतं: पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१५ मध्ये राज्य सरकारने ताब्यात घेतला, विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. अशा वेळी आपली जुनी पोच आणि टिपणं नव्या समितीपुढे स्वतःहून ठेवावी लागतात.

शासनाला मोठा बदल करायचा असेल तर तेवढा भाग मंजुरीतून वगळला जातो आणि त्यावर स्वतंत्र हरकती मागवल्या जातात. कार्यालयात याला ‘ईपी’ म्हणतात. बरेच जण आराखडा मंजूर झाला असं ऐकून फाइल बंद करतात आणि त्यांचाच गट ईपीमध्ये असतो. मंजुरीच्या अधिसूचनेची शेवटची परिशिष्टं पाहिल्याशिवाय फाइल बंद करू नये.

ज्यांच्या जमिनीवर आरक्षण कायम राहतं त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. मोबदला टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क), एफएसआय (त्याच जागेवर जादा बांधकाम) किंवा भूसंपादन यांपैकी कशातून घ्यायचा, याचा हिशेब आधी तज्ज्ञाकडून करून घ्या. आणि अंतिम आराखडा अंमलात आल्याची तारीख लिहून ठेवा. त्या दिवसापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही तर कलम १२७ खाली नोटीस देता येते, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पूर्वी हा काळ १२ महिन्यांचा होता, २०१५ मध्ये वाढवला गेला. नोटिशीसोबत मालकीचे सगळे कागद लागतात. एका वारसाची नोंद फेरफारात नसली तरी प्राधिकरण तिथेच अडवतं. मैदानासाठी लढणाऱ्यांनी हीच तारीख उलट्या बाजूने धरावी, आणि आठव्या-नवव्या वर्षापासून दर अंदाजपत्रकात त्या आरक्षणाच्या संपादनासाठी तरतूद मागत राहावी.