तुमचा एच-इंडेक्स किती?

बारा. म्हणजे संशोधनलेखांचे संदर्भ कुठे-कुठे आले याची मोजदाद ठेवणाऱ्या स्कोपसवर 12; गूगल स्कॉलर जरा सढळ हाताचं आहे, तिथे 17. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरही बहुतेक वेळा बाराच वाजतात. पीएचडीला गाइड शोधणारी मुलं ईमेलच्या दुसऱ्या ओळीतच हे विचारतात, प्रमोशनच्या मुलाखतीत समिती विचारते. हल्ली सोसायटीतले एक काकाही विचारतात, कारण त्यांच्या जावयाचा 40 आहे. जावई कॅन्सरवर काम करतो. मी मुंबईतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि लेक्चरं, पेपर तपासणी, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली यांतून वेळ उरला की बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कारवीची झुडपं मोजते.

तर हा आकडा. तुमच्या 12 पेपरांचा प्रत्येकी किमान 12 वेळा दुसऱ्या पेपरांत संदर्भ आला, की तुमचा एच-इंडेक्स 12. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली ही युक्ती काढली. मोठ्या विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या माणसाची नोकरी पक्की व्हायला साधारण 12 पुरावा, असंही त्याने सुचवलं होतं. तिथे मी काठावर पास. विषयागणिक हा आकडा बदलतो, हेही त्याने त्याच लेखात बजावलं होतं. पण तेवढं वाक्य समितीच्या फॉर्मात मावत नाही.

माझी खरी अडचण कारवी आहे. सात वर्षं ती पावसाळ्यात हिरवीगार होते आणि उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उरतात. आठव्या वर्षी डोंगरउतार जांभळा होतो, आणि मग सगळी झाडं एकदम मरतात. मुंबईत ती 2008, 2016 आणि 2024 ला फुलली. बी लगेच पडत नाही. सुकलेली बोंडं काटक्यांवर तशीच राहतात आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात भिजली की फटाफट फुटतात. त्यानंतर चटईसारखी दाट रोपं उगवतात. त्यातली किती जगली, कुठे जगली, हे कळायला आणखी दोन-तीन पावसाळे जावे लागतात. म्हणजे 2024 च्या फुलांवरचा धड पेपर 2028 च्या आसपास. कुणाला तो पडताळून बघायचा असेल तर पुढचा बहर 2032 ला.

आता जर्नलचा, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाचा, इम्पॅक्ट फॅक्टर बघा. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढंच तो सांगतो. दोन वर्षांत कारवी गुडघ्याच्या वर जेमतेम येते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी देवरायांवर 1976 साली लिहिलेल्या लेखाचा संदर्भ लोक अजून देतात. पण इम्पॅक्ट फॅक्टरच्या हिशेबात तो लेख 1978 नंतर उरलाच नाही.

शिवाय आमचं बरंचसं काम मोजदादीत येतच नाही. सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात एखादी शीट उघडली, की वाळलेली फांदी, तपकिरी झालेली फुलं आणि कोपऱ्यात लेबल: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. आज जिथे टॉवर आहे तिथे पूर्वी काय उगवत होतं, याचा पुरावा म्हणजे ही लेबलं. त्या गोळा करणाऱ्याच्या खात्यात एकही सायटेशन, म्हणजे संदर्भ, जमा होत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांचं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक 1953 चं. घाटात काम करणारा माणूस ते आजही उघडतो, पण उघडण्याचे गुण नसतात. आणि कारवीच्या शास्त्रीय नावामागे लागणारे ते नीस! स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा नीस. नाव देणारा हा जर्मन माणूस एकोणिसाव्या शतकातला. कारवीवरच्या पेपरात तो येतोच, पण बहुतेक वेळा संदर्भसूचीत नसतो, म्हणून हिशेबात शून्य.

एवढं सगळं असूनही आकडे मोडीत काढा म्हणणाऱ्यांत मी नाही. आकडा गेला की वशिला येतो, आणि वशिला कुणाकडे असतो हे छोट्या कॉलेजातल्यांना सांगायला नको. फक्त आकडाही वशिल्याने वाढतो. तू माझ्या पेपराचा संदर्भ दे, मी तुझ्या पेपराचा देतो. अहो रूपम् अहो ध्वनिः. अशी वर्तुळं मी जवळून पाहिलीत. त्यातल्या काहींचा एच-इंडेक्स काकांच्या जावयालाही मागे टाकेल.

तेव्हा गाइड शोधणाऱ्या मुलामुलींनो, एच-इंडेक्स जरूर बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पण तो त्याच विषयातल्या, तितकीच वर्षं काम केलेल्या माणसाशी ताडून बघा. मग त्या बाईंच्या किंवा सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावा. उन्हातान्हात जंगलात अभ्यासाचे प्लॉट कुणी आखले आणि पेपरावर पहिलं नाव कुणाचं लागलं, ते विचारा. फील्डचा प्रवासखर्च कोण देतं, हेही विचारा. लाजू नका.