शाळेला माझे पैसे चालत नाहीत

मागच्या रविवारी सकाळी गावच्या हायस्कूलच्या खजिनदार काकांचा फोन आला. पावसाच्या आत दोन वर्गांवरचे पत्रे बदलायचेत, त्यासाठी मी हजार युरो देतो म्हटलं होतं, म्हणजे लाखभर रुपये, आणि खातेनंबर मागितला होता. मला वाटलं तोच द्यायला केलाय. काका आधी आंब्याचा मोहर, कोणाचं लग्न, एसटीची बोंब असं सगळं बोलले आणि मग एकदम म्हणाले, "झिला, पैशे धाडू नको. सीए म्हणता, तू आता परदेशी."

बिचाऱ्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं होतं की मीच त्यांची समजूत काढत बसलो. फोन ठेवल्यावर मात्र डोकं फिरलं.

२०१९ ला याच शाळेला बाकांसाठी तीनशे युरो पाठवले होते. तेव्हाही डब्लिनमध्येच होतो, नोकरी हीच, घर हेच. तेव्हा पासपोर्ट भारताचा निळा होता, आता आयर्लंडचा मरून आहे, फरक एवढाच. एनआरआयने स्वतःच्या पगारातून दिलं तर ती साधी देणगी, आणि नागरिकत्व बदललं की तोच माणूस 'विदेशी स्रोत', मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना सरकार देतं ते ओसीआय कार्ड असलं तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, लागू. ते रजिस्ट्रेशन घ्यायचं तर संस्थेने तीन वर्षांत किमान १५ लाख खर्च केलेला हवा, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीचं खातं एकाच ठिकाणी उघडायचं, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, संसद मार्गावर. आमची शाळा सिंधुदुर्गात. खजिनदार काका कणकवलीच्या बँकेत जायचं तर आदल्या दिवसापासून तयारी करतात.

मला माहितीय कायदा कशासाठी आहे. मूळचा १९७६ चा, आणीबाणीतला, बाहेरच्या पैशाने इथलं राजकारण फिरू नये म्हणून. ठीक आहे, मान्य. पण परदेशी कंपन्यांच्या भारतातल्या उपकंपन्यांनी पक्षांना दिलेले पैसे नियमात बसवायला २०१६ आणि २०१८ मध्ये 'विदेशी स्रोत'ची व्याख्या पार मागच्या तारखेपासून बदलता आली, आणि माझे पत्रे तेवढे धोकादायक! मी पुण्यात चार फ्लॅट घेतले तर चालतात, एनआरई खात्यात ठेव ठेवली तर बँकवाले दिवाळीला मेसेज करतात, जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२४ मध्ये बाहेरच्या भारतीयांनी १२९ अब्ज डॉलर घरी पाठवले त्याच्या बातम्या छाती फुगवून येतात, ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवसाच्या भाषणात आम्ही भारताचे राजदूत वगैरे. राजदूताचे पैसे घ्या की मग.

आता कोणी म्हणेल, तुला नागरिकत्व सोडायला कोणी सांगितलं होतं? (आमच्या शालेय ग्रुपवर एकाने म्हटलंच.) तर ऐका. इथून बेलफास्ट गाडीने दोन तास, वाटेत सीमा कुठे लागली ते कळतही नाही, पण ते उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनमध्ये, भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा हवा, आणि माझं ऑफिसचं काम महिन्यातून दोनदा तिथे. मुलगी इथे जन्मली, इथेच शिकते. किलार्नीला नागरिकत्वाच्या समारंभात शेकडो लोकांबरोबर शपथ घेताना सगळे फोटो काढत होते, आणि मी मनात हिशोब करत होतो की जुना पासपोर्ट सरेंडर करायला कधी जायचं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आयर्लंड देतं. मी काही सोडलं नाही, मला एक निवडायला लावलं. असं मी म्हणतो. बायको म्हणते, हे तू फार वेळा म्हणतोस.

त्याच आठवड्यात शेजारच्या आजीबाई क्लेअर काउंटीतल्या माहेरच्या गावाहून आल्या. तिथे अमेरिकेहून एक जोडपं आलं होतं, त्यांची कुणी खापरपणजी १८४५ च्या मोठ्या दुष्काळानंतर बोटीने गेलेली. गावातल्या लोकांनी चर्चच्या जुन्या नोंदी काढून घराचा चौथरा शोधून दिला, हॉलमध्ये चहा-केक, सगळं गाव हजर. 'आयर्लंड रीचिंग आउट' म्हणून उपक्रमच आहे, त्यात इथली माणसं आपणहून बाहेरच्या वंशजांना शोधतात. त्या दुष्काळाआधी, १८४१ ला, या बेटावर ८१ लाख माणसं होती, तो आकडा अजून गाठलेला नाही, म्हणून असेल ही ओढ. १९९८ च्या सार्वमतानंतर तर राज्यघटनेतच लिहिलंय की परदेशातल्या आयरिश वंशाच्या लोकांशी आमचं खास नातं आहे. आता खरं सांगायचं तर बाहेरच्यांना मत द्यायचा हक्क हे लोकही देत नाहीत, २०१८ च्या सार्वमताला पोरं विमानं पकडून आली ती देश सोडून दीड वर्षाच्या आत असलेलीच. पण चहा तरी विचारतात.

आणि आम्हाला हे नवीन आहे का? माझे आजोबा लालबागच्या खोलीत दहा-बारा गाववाल्यांबरोबर राहायचे. गावाचं मुंबई मंडळ होतं, पगाराच्या दिवशी वर्गणी, मनीऑर्डर गावाला. शाळेच्या भिंतीवरच्या देणगीदारांच्या फळ्यावर अजून त्यांचं नाव आहे, रु. ५१. मिलमधल्या माणसाचे एक्कावन्न! चाकरमानी गणपतीला येऊन अक्कल शिकवतात म्हणून गाववाले तेव्हाही वैतागायचे, पण पैसे परत नाही केले कधी.

वराड आमच्यापासून तासाभरावर. २०१९ च्या डिसेंबरात लिओ वराडकर आले, तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान, वडिलांचं गाव बघायला, केवढं स्वागत झालं. त्यांनी वराडच्या शाळेला पत्रे देतो म्हटलं असतं तर त्यांनाही हाच कायदा. हे काकांना सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले.

मी बाबांना म्हटलं, तुमच्या खात्यात पाठवतो, मुलाने बापाला दिलेले चालतात, तुम्ही द्या शाळेला. बाबांनी तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली, एका दिवसाचा हिशोब चुकला नाही. म्हणाले, ती चोरवाट झाली, माझ्या पेन्शनीतून काय द्यायचं ते मी देईन. मग जरा वेळाने, "पैशे गावतत रे, माणसा गावनत नाय. पत्रे चढवूक कोण आसा गावात?"

मेमध्ये तीन आठवडे जातोय. ओसीआयवाल्यांना कशाकशाला खास परवानगी लागते ती २०२१ ची अधिसूचना काढून वाचली. संशोधन, पत्रकारिता, मिशनरी काम, तबलीग, गिर्यारोहण. शाळेच्या छपरावर चढण्याचा उल्लेख नाही, दोनदा बघितलंय.